हा माल कुणाचा?

पहाटे पावणेसहा

कॉलेजचा पहिला तास साडेसातला. कसबे डिग्रजहून सांगली फार लांब नाही, पण एस.टी. वेळेवर यायला हवी आणि आली तर आत उभं राहायला जागा हवी. म्हणून पावणेसहाला मी स्टँडवर असते. मार्च महिना आहे. गावात हळदीची काढणी उरकत आलीय, कुठं शिजवणं चालू आहे, कुठं वाळवण पसरलंय. आप्पा माझ्या आधी उठून वाळवणावरचं कापड काढायला गेलेले असतात. आई डबा भरते, दोन माणसांचा भरते, कारण दुपारी दुकानात दिवाणजी काकांना तिच्या हातची आमटी लागते.

मार्चमध्ये आमच्या घरात तीन गोष्टी एकदम येतात: हळदीचे सौदे, वर्षअखेर आणि माझी परीक्षा. मी शिवाजी विद्यापीठाच्या बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे. सकाळी कॉलेज, दुपारी मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशेबाचं काम. फायनान्शियल अकाउंटिंग हा विषय मी या दोन्ही ठिकाणी शिकते, आणि एका ठिकाणी अडलेलं बरेचदा दुसऱ्या ठिकाणी सुटतं.

साडेसात

आज कन्साइनमेंटचा धडा. मॅडम पुस्तक न उघडताच फळ्यावर लिहायला लागल्या. सांगलीच्या व्यापाऱ्यानं मुंबईच्या एजंटाकडे १०० क्विंटल हळद विकायला पाठवली. मालाची किंमत ९,६०,००० रुपये, गाडीभाडं आणि हमाली २०,००० रुपये. पोहोचेपर्यंत ओलावा सुकून २ क्विंटल घटली. पुढं मुंबईच्या गोदामात पाणी शिरून ५ क्विंटल खराब झाली.

"आधी घटीचं बोला," मॅडम म्हणाल्या. "दोन क्विंटल गेली. एंट्री काय?"

मागून एकानं तोटा डेबिट सांगितला. दुसऱ्यानं कन्साइनमेंट क्रेडिट. मॅडमनी दोन्ही उत्तरं ऐकून घेतली आणि म्हणाल्या, एंट्रीच नाही. ९,८०,००० रुपये खर्च झालाय आणि हातात ९८ क्विंटल आहे, तेव्हा क्विंटलचा भाव पडला १०,००० रुपये. हळद सुकणार हे पाठवणाऱ्याला पाठवतानाच माहीत होतं. ही घट त्या धंद्याचाच भाग आहे, उरलेल्या मालाच्या किमतीत ती मुरते.

मग पाण्याचं. ते मात्र ५ क्विंटल गुणिले १०,००० म्हणजे ५०,००० रुपये वेगळे काढायचे, कन्साइनमेंट खात्याला जमा द्यायचे आणि विम्याचे मिळतील तेवढे वजा करून उरलेले नफा-तोटा खात्याला नावे टाकायचे. कारण पूर आला म्हणून हळदीचा व्यवहार तोट्याचा ठरत नाही. व्यवहार कसा झाला हे स्वच्छ दिसायला हवं, आणि पुरानं काय नेलं हेही दिसायला हवं. दोन्ही एकात मिसळलं तर पुढच्या वर्षी हळद पाठवायची की नाही, हे त्या व्यापाऱ्याला कळणार कसं?

या गणिताला आमच्या वर्गात पुस्तकाची गरज नव्हती. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी इथल्या कितीतरी घरांत शिरलं होतं, तेव्हा आम्ही सगळे शाळकरी होतो. मॅडमनी त्याच्याही आधीचं, २००५ च्या महापुराचं सांगितलं. हरिपूरला जमिनीत खोल पेवं असायची आणि त्यांत हळद वर्षानुवर्षं टिकायची. त्या पुरात पेवांत पाणी गेलं आणि हळद कुजली. "असाधारण नुकसान" हा शब्द मी बारावीत पाठ केला होता. आज तो पहिल्यांदा समजला.

मग मॅडमनी फळा पुसला आणि मधोमध एक रेघ मारली. "आता मुंबईच्या एजंटाच्या वहीत बसा. अठ्ठ्याण्णव क्विंटल हळद त्याच्या दारात उतरली. एंट्री काय?"

या वेळी हात भरपूर वर झाले. परचेस डेबिट. स्टॉक डेबिट. गुड्स डेबिट, कन्साइनर क्रेडिट. मॅडम प्रत्येकाला एकच विचारत होत्या, "माल कुणाचा?" आणि प्रत्येकजण म्हणत होता, "पाठवणाऱ्याचा." "मग तुम्ही कशाला तुमच्या वहीत घेताय?"

गोदाम पोत्यांनी भरतं आणि कीर्दीत एक ओळ पडत नाही. किती पोती आली याची टाचण तो ठेवेल, पण खात्यात काही नाही. माल विकला की रोख किंवा गिऱ्हाईक नावे, आणि जमा कुणाला? विक्री खात्याला नाही, पाठवणाऱ्याला. एजंटाचं स्वतःचं असं फक्त कमिशन. त्यासाठी पाठवणारा नावे, कमिशन जमा. लाखांचा माल हातून जातो आणि त्याच्या उत्पन्नात दिसते ती एवढी एक ओळ.

ज्यांना बारावीपर्यंत अकाउंट्स होतं त्यांनासुद्धा हे जड गेलं. मला वाटतं, अकाउंटिंगच्या वर्गात मुलं अडतात ती आकड्यांवर नाही. बेरीज-वजाबाकीला कॅल्क्युलेटर आहे. अडतात ती या प्रश्नावर, की मी आत्ता कुणाच्या वहीत उभी आहे आणि समोरचं माझं आहे की दुसऱ्याचं. हे ठरलं की डेबिट-क्रेडिट आपोआप जागेवर बसतं. हे न ठरवता फॉरमॅट पाठ केला तर आकडे बदलले तरी गणित सुटतं, पण बाजू बदलली की हात थांबतो.

साडेआठ ते दहा

अर्थशास्त्र आणि इंग्रजी. वह्या पूर्ण केल्या.

दहा

लायब्ररीच्या बाहेरच्या कट्ट्यावर माझी मैत्रीण वाट पाहत होती. ती बारावीपर्यंत सायन्सला होती. नीटचे मार्क आले नाहीत आणि घरच्यांनी कॉमर्सला घातलं. आमच्या वर्गात असे बरेच आहेत. बाकीच्यांनी दोन वर्षं जे घोटलं ते यांना पहिल्याच दिवशी येतं असं धरून शिकवणं सुरू होतं. यात मुलांचा काही दोष नाही. पहिले पंधरा दिवस अशा मुलांसाठी वेगळे तास ठेवले तर वर्षाच्या शेवटी नापासांची यादी निम्मी होईल, असं माझं स्पष्ट मत आहे. मॅडमना ते पटतं, पण वेळापत्रकात जागा नाही म्हणतात.

तिला तिन्ही नियम पाठ आहेत. घेणाऱ्याचं खातं नावे, देणाऱ्याचं जमा. येतं ते नावे, जातं ते जमा. खर्च-तोटे नावे, उत्पन्न-नफा जमा. न अडखळता म्हणते. पण आज तिनं वहीवर पेन आपटलं.

"हे बघ. मी बँकेत हजार रुपये भरले की पासबुकात क्रेडिट येतं. मेसेजही येतो, युवर अकाउंट इज क्रेडिटेड. मग मॅडम का सांगतात की बँक डेबिट कर म्हणून? बँक खोटं बोलते की मॅडम?"

हा प्रश्न विचारायला हिंमत लागते. वर्गात निम्म्यांना तो पडलेला असतो आणि ते गप्प राहून नियम घोकतात. मी तिचं पासबुक मागितलं. पहिल्या पानावर बँकेचं नाव. "हे पुस्तक कुणाचं?"

"माझं."

"नाव तुझं आहे. लिहिलंय कुणी? बँकेनं. बँकेच्या खतावणीतलं तुझं पान त्यांनी तुला छापून दिलंय. तू त्यांना हजार दिलेस, म्हणजे तू देणारी. देणाऱ्याचं खातं जमा. त्यांच्या वहीत तू जमा आहेस, कारण तुझे हजार ते तुला कधीतरी परत देणं लागतात. आता तू स्वतःची वही काढ. त्यात बँक कोण? घेणारी."

"नावे," ती म्हणाली. मग थोडा वेळ पासबुकाकडे बघत राहिली. "म्हणजे तोच हजार, दोन वह्यांत दोन बाजूंना."

त्यानंतर बँक जुळवणीचं गणित तिनं माझ्या मदतीशिवाय सोडवलं. भरलेला पण न वटलेला चेक, बँकेनं कापलेले चार्जेस, सगळं बरोबर. उत्तर जुळलं तेव्हा पुस्तकाची शेवटची पानं तिनं उघडलीसुद्धा नव्हती.

साडेअकरा

यार्डात शिरलं की आधी नाकाला कळतं. वाळक्या हळदीचा वास, डोळ्यांत बारीक चुरचुर. सौदे चालू होते. पोत्यांच्या थप्प्या, प्रत्येक थप्पीवर शेतकऱ्याच्या नावाची चिठ्ठी, आणि खरेदीदारांचा घोळका एका थप्पीवरून दुसरीकडे सरकतोय. कुणी कांडी मोडून आतला रंग बघतो, कुणी कानाशी वाजवतो. बोली वाढते, थांबते, आमचा माणूस दर पुकारतो आणि चिठ्ठीवर लिहितो.

दुकानात काका गादीवर बसलेले. या दुकानाचे दिवाणजी म्हणून त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. लाल कापडाच्या बांधणीतल्या चोपड्या अजून लाकडी कपाटात आहेत. कॉम्प्युटर आला, टॅली आलं, काकांनी तेही शिकून घेतलं, पण रोजमेळ ते अजून हातानं लिहितात. कीबोर्डच्या फटींत हळदीची पूड बसलेली असते. मी रोज ब्रशनं काढते, रोज बसते.

"आलीस? बस. पट्ट्या मागं पडल्यात."

बारा ते दोन

पट्टी म्हणजे काय ते शेतकऱ्याच्या पोरीला सांगावं लागत नाही. आप्पांच्या शर्टाच्या खिशात घडी केलेली पट्टी मी लहानपणापासून बघतेय. वर नाव, गाव, तारीख. मग पोती, वजन, दर, रक्कम. त्याखाली वजा: हमाली, तोलाई, दुकानानं भागवलेलं गाडीभाडं, आधी घेतलेली उचल. सगळ्यात खाली निव्वळ देणं, अक्षरी आणि अंकी.

कॉलेजच्या पुस्तकात अकाउंट सेल्सचा नमुना आहे. एजंटानं माल विकून मूळ मालकाला पाठवायचा हिशेब: विक्री, वजा खर्च, वजा कमिशन, वजा दिलेली आगाऊ रक्कम, बाकी देणं. मी तो नमुना पहिल्यांदा बघितला तेव्हा वहीत बाजूला लिहिलं, "पट्टी". आमच्या गावातल्या प्रत्येक घरात हा नमुना आहे आणि पोरं तो परीक्षेसाठी पाठ करतात, याचं मला फार वाटतं. मॅडमना मी कोऱ्या पट्टीचे पाच कागद नेऊन दिले. पुढच्या ट्यूटोरियलला त्या वाटणार आहेत.

आणखीही एक गोष्ट या दुकानात धड्यातून उचलून आणल्यासारखी आहे. खरेदीदार पैसे पंधरा दिवसांनी देतो, कधी त्याहून उशिरा. शेतकऱ्याला तोवर थांबवता येत नाही, दुकान आपल्याकडून भागवतं. आणि एखादा खरेदीदार बुडाला तर? ते नुकसान दुकानाचं, शेतकऱ्याकडून परत मागत नाहीत. पुस्तकात ही उधारी बुडण्याची जोखीम एजंटानं घेतली तर त्याला जादा कमिशन मिळतं, त्याला डेल क्रेडेरे म्हणतात. परीक्षेत दोन मार्कांची टीप असते. इथं मात्र मालकांना रात्री झोप येते की नाही हे त्या दोन मार्कांवर ठरतं. खरेदीदारांच्या बाक्या ते दर शनिवारी स्वतः वाचतात, त्याचं कारण हेच.

दोन वाजेपर्यंत पट्ट्या लिहून झाल्या. डबा उघडला. काकांनी आमटी संपवली.

अडीच

वर्षअखेर म्हणून काकांनी सगळ्या मोठ्या खरेदीदारांकडून खातेउतारे मागवलेत. आमच्या वहीत त्यांच्याकडून येणं किती, आणि त्यांच्या वहीत आमचं देणं किती, हे ३१ मार्चच्या आत जुळायला हवं. स्वतःची वही स्वतःच तपासण्यात अर्थ नाही असं काका म्हणतात. मॅडमही तेच सांगतात, फक्त त्या सत्यमचं उदाहरण देतात. ७ जानेवारी २००९ ला त्या कंपनीच्या अध्यक्षांनी स्वतःच पत्र लिहून कबूल केलं की ताळेबंदात दाखवलेली रोख आणि बँकेतली ५,०४० कोटींची शिल्लक मुळात नव्हतीच. वह्या आतल्या आत जुळलेल्या होत्या. बँकेला थेट विचारलं असतं आणि तिचं उत्तर नीट वाचलं असतं तर ते फार आधी कळलं असतं.

आज एका खरेदीदाराचा उतारा आला, व्हॉट्सअपवर चार पानांचे फोटो. आमच्या वहीत त्याच्याकडून येणं ३,८३,७५०. त्याच्या वहीत आमचं देणं ३,८६,४५०. फरक २,७००, आणि तोही उलट. तो आम्हाला आम्ही मागतोय त्याहून जास्त द्यायला बसलाय.

दुसऱ्या एखाद्या दुकानात हा फरक तिथंच मिटला असता. समोरचा जास्त देतोय ना, घ्या. काकांनी चष्मा वर केला. "जास्त देतोय म्हणजे कुणाचे तरी देतोय. कुणाचे ते काढ."

फरक शोधायचीही एक रीत असते. आधी सरळ २,७०० ची एखादी नोंद एका वहीत आहे आणि दुसऱ्या वहीत नाही असं आहे का ते पाहिलं. नव्हती. मग निम्मे, १,३५०. एखादी रक्कम चुकीच्या बाजूला पडली तर फरक तिच्या दुप्पट दिसतो. १,३५० ही कुठं नव्हते. मग ९ नं भाग. २,७०० ला ९ नं भाग जातो, ३०० येतात. दोन शेजारचे आकडे उलटे पडले की फरकाला नेहमी ९ नं भाग जातो, आणि हजार-शतकाचे आकडे उलटले असतील तर फरक त्या दोन आकड्यांमधल्या अंतराच्या ९०० पट असतो. ९०० त्रिक २,७००. म्हणजे अशी रक्कम शोधायची जिच्यात हजाराच्या आणि शतकाच्या आकड्यांत तीनचं अंतर आहे.

वर्षभराच्या नोंदी होत्या, तरी आता प्रत्येक ओळ जोडून वाचायची गरज नव्हती. बोट फक्त त्या दोन घरांवरून खाली नेलं. दुसऱ्या पानाच्या मध्यावर आमच्याकडे ४५,८००. त्याच तारखेला त्याच्या उताऱ्यावर ४८,५००.

कुणाचं खरं, हे वह्यांना विचारून कळत नाही. त्यासाठी मूळ कागद हवा. काकांनी तारेत ओवलेल्या तोलाईच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा खाली घेतला. तारीख सापडली, चिठ्ठी सापडली. पेन्सिलनं लिहिलेलं, कडेला पिवळं बोट उमटलेलं: ३८८ किलो, दर १२,५००. ३.८८ गुणिले १२,५००. मी कॅल्क्युलेटरवर केलं, काकांनी तोंडी. ४८,५००.

खरेदीदार बरोबर होता. आमच्याकडे पट्टी हातानं लिहिली जाते आणि टॅलीत फक्त रक्कम जाते. पट्टीवरच ४५,८०० पडले होते आणि तोच आकडा पुढं गेला. खरेदीदाराच्या खात्याला २,७०० कमी नावे, शेतकऱ्याच्या खात्याला २,७०० कमी जमा. दोन्ही बाजू सारख्याच कमी, म्हणून तेरीज, म्हणजे ट्रायल बॅलन्स, चोख जुळलेली. मूळ नोंदीतली चूक तेरजेला दिसत नाही, हे आम्हाला वर्गात "तेरीज न दाखवणाऱ्या चुका" या शीर्षकाखाली लिहून दिलंय आणि मुलं तिथं चार मुद्दे घोकतात. त्या मुद्द्यात एका शेतकऱ्याचे २,७०० रुपये असू शकतात हे तिथं लिहिलेलं नाही.

चार

"एंट्री सांग," काका म्हणाले.

सकाळचा फळा माझ्या डोळ्यांपुढं ताजा होता. "खरेदीदार नावे २,७००. शेतकरी जमा २,७००."

"विक्री जमा का नाही?"

"माल आपला नव्हता."

त्यांनी मान हलवली. एफ-७ दाबून जर्नल व्हाउचर उघडलं. तारीख आजचीच टाकली. मागच्या तारखेत जाऊन आकडा बदलणं टॅलीत दोन मिनिटांचं काम आहे, पण काकांना ते चालत नाही. जुनी नोंद जशी आहे तशी राहील, दुरुस्ती आजच्या तारखेला दिसेल, आणि खाली का केली ते पूर्ण वाक्यात लिहायचं. शेतकऱ्याकडे मूळ पट्टी आहे. उद्या तो वहीशी ताडून बघायला आला तर त्याच्या हातातला कागद आणि आमची वही यांत काय झालं ते त्याला वाचता आलं पाहिजे. कंपन्यांना तर १ एप्रिल २०२३ पासून असं सॉफ्टवेअर सक्तीचंच केलंय ज्यात केलेला प्रत्येक बदल नोंदला जातो आणि ती नोंद बंद करता येत नाही. आमचं दुकान कंपनी नाही. काकांचा नियम त्या कायद्याच्या आधीपासूनचा आहे.

नॅरेशन मी लिहिलं: पट्टीत ४८,५०० ऐवजी ४५,८०० लिहिले गेल्यामुळे कमी गेलेली रक्कम शेतकऱ्यास देय. काकांनी पट्टीचा क्रमांक घालायला लावला. मालकांना सांगितलं. ते म्हणाले, आजच पाठवा, आणि पट्टी लिहिल्यावर गुणाकार दुसऱ्यानं तपासल्याशिवाय ती बाहेर जाऊ देऊ नका. उद्यापासून ते काम माझ्याकडे.

मग काकांनी फोन लावला, स्पीकरवर.

"मामा, राम राम. गेल्या खेपेच्या हळदीत तुमचे सत्तावीसशे रुपये आमच्याकडे जास्तीचे राहिलेत. खात्यावर टाकतोय."

पलीकडून बराच वेळ काही कळेना. मग, "कशाचे हो दिवाणजी? पट्टी तर मिळाली की मला."

"पट्टीतच कमी गेलेत. वजन गुणिले दर करून बघा."

"ते कोण करतंय," मामा म्हणाले. "तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार."

मला हे ऐकून बरं वाटलं नाही. हा विश्वास मोठा आहे, मान्य. पण ज्याचा माल त्याच्याच हातात कागद असताना त्यानं तो वाचू नये, आणि फरक वर्षअखेरीला तिसऱ्याच माणसाच्या उताऱ्यावरून निघावा, हे बरं नाही. त्या खरेदीदारानं उतारा पाठवलाच नसता तर? आमच्या वर्गातल्या बहुतेकांच्या घरी शेती आहे. एका सेमिस्टरमध्ये प्रत्येकानं घरच्या पट्ट्या आणून तपासल्या, तर त्यातून जे शिकता येईल ते मुंबईच्या कल्पित एजंटाकडून शिकता येणार नाही. अकाउंटिंग शिकलेल्या मुलानं आधी आपल्या घरातला कागद वाचावा, असं मला मनापासून वाटतं. नोकरी त्यानंतर.

साडेपाच

रोख मोजली, रोजमेळाशी जुळली. एस.टी. उशिरा आली.

आठ

जेवण झाल्यावर मी आप्पांना यंदाच्या पट्ट्या मागितल्या. त्यांनी डायरीतून काढून दिल्या. सगळे गुणाकार केले, सगळे बरोबर निघाले. आप्पा म्हणाले, "मग? मी सांगत नव्हतो?" मी म्हटलं, सांगत होता, पण आता आपल्याला माहीत आहे.

मग अभ्यास. विषयाचा थिअरीचा भाग मुलं सोडून देतात, कारण गणितात पैकीच्या पैकी मिळतात आणि थिअरीत मिळत नाहीत. मी सोडत नाही. लुका पाचोली नावाच्या साधूनं १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या गणिताच्या ग्रंथात दुहेरी नोंद पद्धतीवर एक प्रकरण घातलं. पद्धत त्यानं शोधली नाही. तिथले व्यापारी ती आधीपासून वापरत होते, त्यानं ती नीट लावून छापली. वहीच्या आरंभी देवाचं नाव लिहावं असं तो सांगतो, आणि काकांच्या चोपडीच्या पहिल्या पानावर "श्री" असतं. पण मला त्याची दुसरी सूचना जास्त आवडते. व्यापाऱ्यानं कीर्दीला हात घालण्याआधी बसून आपलं जे जे आहे त्याची यादी करावी, घरापासून रोकडीपर्यंत, आणि आपण कुणाला काय देणं लागतो तेही त्यात लिहावं. पहिली नोंद त्यानंतर.

परीक्षेचं मला तसं भय नाही. फक्त एक खटकतं. पेपरातल्या गणितात सगळे आकडे दिलेले असतात, वजन, दर, खर्च, सगळं छापून. ते योग्य रकान्यात बसवले की काम झालं. दुकानात आकडा आधी शोधावा लागतो, मग तो खरा आहे की नाही हे कागदावरून ठरवावं लागतं, आणि रकाना सगळ्यात शेवटी येतो. निदान एक प्रश्न असा यावा की ज्यात दोन वह्यांचे उतारे आणि चार मूळ चिठ्ठ्या दिल्या आहेत आणि फरक काढायचा आहे. मार्क कितीही ठेवा.

साडेनऊ

मैत्रिणीचा मेसेज आला. ती सकाळचंच गणित पुढं नेत होती. मार्चअखेर एजंटाकडे वीस क्विंटल हळद न विकता उरलीय, ती कुणाच्या बॅलन्स शीटमध्ये घ्यायची? पुस्तकात उत्तर दिलंय, पण तिला कारण हवं होतं.

मी लिहिलं, पाठवणाऱ्याच्या. १०,००० च्या भावानं दोन लाख. बाजारभाव त्याहून उतरला असेल तर बाजारभावानं.

"पण ती आहे तर एजंटाच्या गोदामात."

"हो, पण तिची जोखीम अजून पाठवणाऱ्याची. भाव पडला तर कुणाचे जातील?"

ती थोडा वेळ टाइप करत राहिली. मग तिनं एजंटाच्या वहीचा फोटो पाठवला. स्टॉकची ओळ खोडलेली होती. खाली प्रश्न होता: उद्या मी आले तर तुमच्या दुकानात चालेल का?

मी काकांना विचारून तिला कळवलं, ये. अजून तीन खरेदीदारांचे उतारे जुळवायचे आहेत. एकीनं वाचायचं, दुसरीनं खूण करायची, म्हणजे निम्म्या वेळात होईल.